चाइड, चिड, चिडन

इंग्रजी व्याकरणाचा आणि माणसाचा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर कायमचा संपावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. मला दहावीला इंग्रजीत ४१ मार्क पडले. त्यातले सहा कृपेचे असावेत असा आमच्या वडिलांचा संशय होता. पुढे मी कॉमर्सला गेलो आणि कॉमर्सने मला बँकेच्या काउंटरवर आणून बसवलं. तिथे इंग्रजी लागतं ते 'डेबिट', 'क्रेडिट' आणि 'सिस्टीम स्लो आहे' एवढंच. त्यातलं तिसरं वाक्य मी वीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलंय की आता झोपेतही म्हणतो, असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे.

अशा माणसाची नोकरी वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी एका इंग्रजी क्रियापदाच्या भूतकाळावर येऊन अडकेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. गेल्या नोव्हेंबरात मात्र हसू आलं नाही.

नोव्हेंबर हा आमच्या घाटकोपरच्या शाखेत पेन्शनरांचा महिना. दिवाळीचा फराळ संपत आला की ही मंडळी आपण अजून हयात आहोत हे सिद्ध करायला बँकेत येतात. पूर्वी साहेबासमोर सही केली की माणूस जिवंत ठरत असे. २०१४ च्या नोव्हेंबरात 'जीवन प्रमाण' नावाची डिजिटल सोय निघाली आणि हयातीचा निर्णय काडेपेटीएवढ्या एका यंत्राकडे गेला. यंत्रावर अंगठा ठेवायचा. हिरवा दिवा लागला तर तुम्ही आहात. लाल लागला तर तुमच्या असण्याबद्दल सरकारला शंका आहे.

तर त्या महिन्यात एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमचे साहेब आंध्रातून बदलून आलेले. स्वभावाने गरीब, पण कागदाला फार भितात. समोर एक पत्र होतं. पेन्शनरांच्या पत्रांना एक वेगळंच देखणेपण असतं. निळी शाई, डाव्या बाजूला समास आणि एकही खाडाखोड नाही. साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ओळीचा अर्थ असा, की आपल्या तीन नंबरच्या काउंटरवरील कारकुनाने साऱ्या रांगेदेखत मला 'चिड' केलं.

"व्हॉट इज धिस?" साहेब म्हणाले. "ही हॅज फरगॉटन वन एल. चाइल्ड! युवर क्लार्क चाइल्ड मी! तुम छोटा बच्चा लेके ऑफिस आता है क्या?"

मी म्हटलं, साहेब, माझी मुलगी अकरावीत आहे, ती माझ्याबरोबर लिफ्टमध्येही यायला तयार नसते.

पाच मिनिटांत ते पत्र सगळ्या शाखेत फिरलं. कॅशमधल्या मॅडम म्हणाल्या, "चीट असेल हो. त्यांना चीट म्हणायचं असेल." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. चीट म्हणजे फसवणूक, आणि बँकेत फसवणूक या शब्दाला हसत नाहीत. युनियनच्या आमच्या पुढाऱ्याने पत्र उन्हाकडे धरून पाहिलं आणि जाहीर केलं, की हा शब्द मराठी आहे. "चिड! सरळ आहे. तुम्ही त्यांच्यावर चिडलात. म्हाताऱ्याला इंग्रजी आठवेना, त्याने मराठी ठोकून दिलं." आम्हाला हे सगळ्यांना पटलं. शब्द ओळखण्यात तो साफ चुकला होता आणि अर्थ त्याने बरोबर सांगितला होता, हे संध्याकाळी घरी कळलं.

घरी मुलीने मोबाइलमधून मान वर न करता सांगितलं, "बाबा, चाइड. सौम्यपणे रागावणे. पण आता चाइडेड म्हणतात. चिड फार जुनं आहे. कोण बोलतं असं?"

म्हणजे चाइड, चिड, चिडन. आमच्या शाळेत रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण होतं, त्यातल्या क्रियापदांच्या लांबलचक यादीत हे त्रिकूट असे. त्या रेनसाहेबांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केली आणि १९२४ साली 'ब्यू जेस्ट' नावाची लढाऊ कादंबरी लिहून जगभर नाव मिळवलं. वाळवंटातल्या परकीय पलटणीवर कादंबरी लिहिणाऱ्या माणसाने आमच्यासाठी मात्र क्रियापदांची पलटण उभी केली, याचं मला लहानपणी फार वाईट वाटे.

आता प्रश्न एवढाच उरला, की 'चिड' केलं म्हणजे नेमकं किती केलं? तुम्हाला वाटेल, काय फरक पडतो. वाचकहो, बँकेत पडतो. आमच्या गुन्ह्यांची आणि शिक्षांची एक रीतसर परंपरा आहे. १९५३ चा शास्त्री निवाडा, १९६२ चा देसाई निवाडा, आणि मग १९ ऑक्टोबर १९६६ चा पहिला द्विपक्ष करार. या करारात कारकुनाने करायच्या, म्हणजे न करायच्या, गोष्टींच्या दोन याद्या आहेत. एक मोठ्या गैरवर्तनाची, दुसरी छोट्या. छोट्या यादीत नेमलेल्या दाराशिवाय दुसऱ्या दाराने बँकेत शिरणं आहे, कामाकडे दुर्लक्ष आहे आणि ग्राहकाशी योग्य सौजन्याने न वागणंही आहे. अशा छोट्या गुन्ह्याला शिक्षा तीन. एक तर ताकीद द्यावी किंवा ठपका ठेवावा, नाहीतर रेकॉर्डवर प्रतिकूल शेरा मारावा, नाहीतर जास्तीत जास्त सहा महिने पगारवाढ रोखावी. २००२ साली शिस्तभंगाचा नवा करार झाला, पण ग्राहकावर खेकसण्याची मुभा त्यातही कुणी मागून घेतली नाही. २०२४ च्या करारात तर आमचं कारकून हे नावच गेलं आणि आम्ही 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालो. नावातच सर्व्हिस घातल्यावर रागावायला जागा कुठली!

गंमत बघा. १९५८ चा परिवीक्षेचा कायदा आहे, त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे पहिल्यांदाच छोटी चोरी केलेल्या माणसाला न्यायाधीश नुसती समज देऊन घरी सोडू शकतात. म्हणजे चोराला रागावून सोडतात आणि चोर नसलेल्या मला रागावल्याबद्दल धरतात. हा विचार मी युनियनच्या पुढाऱ्याला ऐकवला. तो म्हणाला, "हे कुठे लेखी देऊ नका."

आमची आई ऐंशीच्या घरातली, मूळची रत्नागिरीकडची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अरे, पण तू त्यांना रागे भरलास की नाही?"

"आई, तोच तर शब्दाचा अर्थ शोधतोय."

"शब्दाचं मी विचारलं नाही," ती म्हणाली आणि निवडायच्या मेथीकडे वळली.

मी रविवारी मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाच्या ग्रंथालयात गेलो. उद्देश हा, की 'चाइड' हा शब्द जितका सौम्य सिद्ध करता येईल तितका करायचा आणि सोमवारी साहेबांच्या टेबलावर पुरावा ठेवायचा. वकील जसा आरोपीचं वय कमी करून दाखवतो, तसा मी गुन्ह्याचं वजन कमी करायला निघालो होतो.

पहिल्यांदा मोल्सवर्थ काढला. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला गोरा अधिकारी, पोरवयात हिंदुस्थानात आलेला. याने आणि कँडी बंधूंनी मिळून १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश काढला. त्याच्या आधी १८२९ साली शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोश निघाला होता. मोल्सवर्थची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे उत्तरेत तोफा चालल्या होत्या तेव्हा हा मनुष्य मराठी शब्दांचे अर्थ लावत होता. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणत. कँडी बंधू जुळे होते, जॉर्ज आणि टॉमस. मोल्सवर्थ मध्ये प्रकृती बिघडून विलायतेला गेला, तेव्हा टॉमसने इंग्रजी-मराठी कोश पुरा करून १८४७ साली छापला. मराठीला स्वल्पविराम आणि पूर्णविराम लावायला शिकवलं तेही या टॉमस कँडीने. त्याआधी मराठी माणूस न थांबता लिहीत असे. बोलताना अजून थांबत नाही.

या मोल्सवर्थमध्ये मी रागावण्याचे शब्द पाहायला लागलो आणि दुपारचे दोन कसे वाजले ते कळलं नाही. खाण्याच्या पदार्थांना आपल्याकडे जितके शब्द आहेत तितकेच रागावण्याला आहेत, आणि दोन्ही आपण खातोच. बोलणी खातो, ओरडा खातो, शिव्या खातो. इंग्रज माणूस हे बहुधा नुसतं ऐकून घेतो, आपण गिळतो. शिवाय आपली प्रत्येक खरडपट्टी कुठल्या ना कुठल्या कारागिराकडून आणलेली आहे. तासणं हे सुताराचं. झाडणं झाडूवाल्याचं. धारेवर धरणं हे शस्त्राला धार असते तिथलं. बिनपाण्याने करणं न्हाव्याचं. कानउघाडणी कुणाची ते सांगता येत नाही, पण कान बंद आहेत हे आधी गृहीत धरलेलं आहे. सरकारी रागावणं मात्र सगळं फारसीच्या वाटेने आलं. ताकीद म्हणजे अरबीत नुसता जोर देणं. तंबी म्हणजे जागं करणं. तंबी द्यायची म्हणजे झोपलेल्याला हलवून उठवायचं, हे कळल्यावर मला आमच्या ऑफिसातल्या तंबीचा राग येईनासा झाला. दुपारी तीननंतर ती अगदी शब्दशः लागू पडते.

आणि सगळ्यांत सौम्य शब्द कोणता? आपण म्हणतो, 'आई मला रागावली.' या वाक्यात आईने मला काही केलेलंच नाही! तिला राग आला, बस्स. जे काय झालं ते तिच्या मनात झालं. त्याहून सौम्य म्हणजे 'सासूबाई मला बोलल्या.' नुसत्या बोलल्या. यात काय बोलल्या हे विचारायचं नसतं, स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजावरून कळतं. कारवाई सौम्य दाखवायची तर मराठीइतकी सोयीची भाषा नाही.

यावरून आठवलं. मी लहानपणी घाटकोपरच्या चाळीत वाढलो. शेजारी गुजराती कुटुंब, त्यांचा मुलगा माझा जोडीदार. खेळ ऐन रंगात आला की तो अचानक बॅट टाकून पळायचा आणि म्हणायचा, "मम्मी वढशे!" मला वाटे, मम्मी वाढेल. हा मुलगा जेवणाचा इतका पक्का, की ओव्हर पुरी न करता पानावर जाऊन बसतो, याचं मला नवल वाटे. गुजरातीत वढवुं म्हणजे रागावणं, हे मला दोन वर्षांनी कळलं. तेही एकदा त्याच्या पाठोपाठ मी वाढून घ्यायला गेलो तेव्हा. त्या माउलीने आम्हा दोघांना सारखंच वाढलं.

असो. मग मी इंग्रजीकडे वळलो, आणि माझी केस बिघडायला लागली.

'स्कोल्ड' हा शब्द मी कठोर समजत होतो. त्याचा उगम बहुधा उत्तरेकडच्या लोकांच्या 'स्काल्ड' या शब्दात आहे, आणि स्काल्ड म्हणजे कवी! हे कवी राजाची स्तुती करत, आणि रागावले तर अशी टिंगल करत की त्यापेक्षा तलवार परवडली. पुढे इंग्लंडात स्कोल्ड म्हणजे भांडखोर बाई असा अर्थ झाला आणि तो कायद्यात शिरला. सतत भांडून शेजाऱ्यांची झोप घालवणाऱ्या बाईला लांब दांड्याच्या टोकाला बांधलेल्या खुर्चीत बसवून तळ्यात बुचकळत. ही शिक्षा पुढे बंद पडली, पण गुन्हा कायद्याच्या पुस्तकात राहिला तो थेट १९६७ पर्यंत. त्या साली इंग्लंडच्या संसदेने तो रद्द केला. भांडखोर पुरुषांसाठी खुर्ची का नव्हती, असा प्रश्न सौ.ने विचारला. तो मी इथे नोंदवून ठेवतो.

'रिब्यूक' मूळ फ्रेंच वळणाचा, त्यात लाकूड तोडल्यासारखा घाव आहे. 'रिप्रिमांड' लॅटिनमधला, म्हणजे दाबून मागे सारणं. आपल्या लष्करी कायद्यात ती एक रीतसर शिक्षाच आहे, साधी आणि कडक अशा दोन आकारांत.

आणि 'चाइड'? हा शब्द जुन्या इंग्रजीतला, त्याला जर्मन-डच बाजूला भाऊबंद सापडत नाहीत. अनाथ शब्द. (चिडणे या आपल्या शब्दाशी त्याचं काही नातं असल्याचा पुरावा नाही. युनियनच्या पुढाऱ्याला हे मी अजून सांगितलेलं नाही.) मूळचा अर्थ मात्र सौम्य मुळीच नव्हता. मोठ्याने भांडणं, कचाकचा वाद घालणं, हा त्याचा जुना धंदा. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात वाळवंटात पाणी संपल्यावर लोक मोझेसशी जे करतात त्याला हेच क्रियापद आहे. वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीची मे महिन्यातली सभाच आठवली. टँकर आला नव्हता आणि तळमजल्यापासून सातव्या मजल्यापर्यंतची सर्व प्रजा सेक्रेटरीला चाइड करत होती. मोझेसने खडकावर काठी मारून पाणी काढलं. आमच्या सेक्रेटरीने राजीनामा काढला. त्याच बायबलात या क्रियापदाचं आणखी एक भूतकाळी रूप आहे. ते देवनागरीत लिहिण्याचं धैर्य मला होत नाही, कारण हे पुस्तक घरातली मंडळी वाचतात.

शेक्सपिअरनेही हा शब्द शिकारी कुत्र्यांच्या भुंकण्याला आणि हिवाळ्यातल्या वाऱ्याला वापरला आहे. पुढच्या दोन-चारशे वर्षांत तो हळूहळू निवत गेला. पेन्शनीत निघालेल्या फौजदारासारखा. आवाज तोच, पण आता कुणी घाबरत नाही.

माझी पंचाईत ही, की शब्दाचा आजचा अर्थ घेतला तर मी सुटत होतो आणि पत्रलेखकाच्या वयाचा अर्थ घेतला तर भुंकत होतो. आणि ज्या माणसाने चाइडेड न लिहिता चिड लिहिलं, त्याचा शब्दकोश कुठल्या सालचा, हे कोण सांगणार?

ग्रंथालयातून निघताना शिवाजीमहाराजांच्या पत्रांचं एक पुस्तक हाताशी आलं. शाळेत इतिहासाच्या सरांनी त्यातलं एक पत्र समजावून सांगितलं होतं. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पडली होती. तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं हे पत्र. वर्षभराच्या पावसाळ्याची बेगमी म्हणून दाणा आणि गवत महाराजांनी मोठ्या कष्टाने जमवून ठेवलेलं. पत्रात ते म्हणतात, की हे आताच मन मानेल तसं उधळाल तर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारल्यासारखी होतील. मग तुम्ही रयतेला त्रास द्यायला लागाल. कोणी दाणे आणेल, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूड, कोणी भाजी. मग जी गरीब कुणबी मंडळी कशीबशी टिकून आहेत ती गाव सोडतील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरे. आणि त्यापुढे तो उंदीर येतो. रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटलेली वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, आणि सगळी छावणी जळून जाईल.

सबंध पत्रात कुणालाही नालायक म्हटलेलं नाही. जे अजून घडलेलंच नाही ते एकेक पाऊल टाकत समोर उभं केलं आहे. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, पण उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत त्याची नजर पोचते. आमच्याकडे वरून येणाऱ्या पत्रकात 'सदर बाब गांभीर्याने घेण्यात येईल' असं असतं. सदर बाब म्हणजे कोणती, हे पत्रक तीनदा वाचूनही कळत नाही.

याच महाराजांचं १६७५ च्या जानेवारीतलं दुसरं पत्र प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला आहे. जंजिऱ्याच्या मोहिमेवरच्या आरमाराला ठरलेला पैसा आणि धान्य याने पोचवलं नव्हतं. हे पत्र मात्र तासणं, झाडणं आणि बिनपाण्याने करणं या तिन्हींची एकत्र मेजवानी आहे. हबशांनी तुला काही चारलं आहे काय, असाच रोख. ब्राह्मण म्हणून गय होईल अशी आशा ठेवू नको, हेही स्पष्ट. दोन पत्रांत फरक काय? छावणीतल्यांची चूक अजून व्हायची होती. सुभेदाराची होऊन गेली होती, आणि समुद्रात माणसं उपाशी होती.

मी पुस्तक मिटलं. माझी चूक होऊन गेली होती की व्हायची होती?

आता झालं ते सांगतो. इतका वेळ टाळलं, कारण विनोदी लेखात ते बसत नाही. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती. हा म्हातारा मनुष्य काठी टेकत आला, यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, लाल. मी त्याचा हात माझ्या हातात धरला आणि अंगठा यंत्रावर दाबला. जरा जोरात दाबला. आणि म्हणालो, "आजोबा, नीट दाबा हो! किती वेळ? मागे लोक आहेत. तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, पण यंत्राला दिसायला नको?" रांगेतले दोघेतिघे हसले. विनोद करण्याची सवय वाईट. म्हातारा काही बोलला नाही. त्याने अंगठा धोतराला पुसला आणि काठी शोधून निघून गेला. हयातीचा दाखला राहिला.

सोमवारी संध्याकाळी मी पंतनगरला त्यांच्या घरी गेलो. साहेबांना सांगितलं नाही, पुढाऱ्यालाही नाही. दार त्यांनीच उघडलं. भिंतीवर त्यांचा एक जुना फोटो, खाली मुलांच्या चार रांगा. शिक्षक. इंग्रजीचे. त्यांनी मला ओळखलं आणि बसा म्हणाले.

मी सरळ म्हटलं, "सर, माझं चुकलं."

'सर' म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. ते उठले आणि टेबलाच्या खणातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. पत्राचा कच्चा मसुदा. साऱ्या खाडाखोडी यात होत्या. 'इन्सल्टेड' लिहून खोडलेलं. 'ह्युमिलिएटेड' खोडलेलं. 'रिब्यूक्ड', 'स्कोल्डेड' तेही खोडलेलं.

"रात्री दोनपर्यंत बसलो होतो," ते म्हणाले. "पहिला शब्द लिहिला तेव्हा मला फार बरं वाटलं. मग विचार केला, याच्या घरी मुलंबाळं असतील, बढती अडेल. पण काहीच न लिहावं तर तेही खोटं. म्हणून हा काढला. सगळ्यांत हलका. बँकेतल्या माणसांना अर्थ कळेल अशी मात्र माझी अपेक्षा होती."

मी त्यांना साहेबांच्या हरवलेल्या 'एल'ची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की ठसका लागला.

मग मी मोबाइल काढला. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही हयातीचा दाखला काढता येतो. त्या दिवशीही येत होता, रांगेत ते माझ्या डोक्यात आलं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. चाळीस वर्षं खडू धरून त्यांच्या बोटांच्या रेषा गेल्या होत्या. मी मोबाइल समोर धरला, त्यांनी टोपी नीट केली. यंत्राने डोळे मिचकवायला सांगितलं, त्यांनी अगदी वर्गात डोळे मिटून प्रार्थना म्हणावी तसे मिटले आणि उघडले. हिरवी खूण आली. बँकेत साहेबांनी पुढे पत्राला उत्तर दिलं, की संबंधित कर्मचाऱ्यास योग्य ती समज देण्यात आली आहे. ती कुणी दिली हे त्यांना माहीत नाही.

मी निघायला उठलो तर सर म्हणाले, "बसा. शब्दासाठी एवढा मुलुंडपर्यंत हिंडलात, तर आता रूपं पाठ करून जा. म्हणा, चाइड, चिड, चिडन."

मी म्हटलं. त्यांनी 'चिडन'चा उच्चार दोनदा सुधारला. तिसऱ्यांदा म्हणत होतो तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, त्या बिचाऱ्याला किती पिडाल! केव्हाचा चहा ओतून ठेवलाय, निवला सगळा! आणि टोपी काढा ती, घरात कशाला हवी?"

सरांनी टोपी काढली. माझ्या कानाशी वाकून ते हळूच म्हणाले, "हे चाइड नव्हे हां. हे स्कोल्ड."